पगार नाही, साहेब नाही. मग शिस्त लावायची कुणी?

गणेशोत्सव मंडळात काम केलेल्या प्रत्येकाला हा कार्यकर्ता माहीत असतो. मांडवाची परवानगी तोच काढून आणतो, वर्गणीचा हिशेब त्याच्याच वहीत असतो, रात्री दोनला लाइट गेली तर जनरेटर चालू करायला तोच धावतो. आणि नव्या पोरांना चारचौघांत घालूनपाडून बोलतोही तोच. सगळ्यांना ते खटकतं, पण त्याच्यावाचून पान हलत नाही म्हणून अध्यक्ष काणाडोळा करतात. पुढच्या वर्षी तीन-चार पोरं फिरकत नाहीत. ती का आली नाहीत, याची चौकशी कुणी करत नाही.

अध्यक्षांनी मनावर घेतलं तरी त्यांच्या हातात काय असतं? पगारच नाही तर कापणार काय? बदली नाही, मेमो नाही. माणूस स्वखुशीने येतो आणि राबतो. तो रागावून गेला तर नुकसान मंडळाचंच.

आता हेच मंडळ जगभर पसरलेलं आहे असं धरा. सभासद एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, त्यांचे देश वेगळे, भाषा वेगळ्या, आणि सगळं बोलणं लेखी. ते जे घडवतात ते मात्र आपल्या रोजच्या वापरात आहे. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेलं लिनक्स, शाळा-कॉलेजांत शिकवली जाणारी पायथन भाषा, वेबसाइटींमागे चालणारे जँगो आणि पोस्टग्रेस हे सगळं असंच तयार झालं. याला ओपन सोर्स म्हणतात. कोड सगळ्यांना खुला असतो आणि त्यात सुधारणा कुणीही सुचवू शकतो. काही जणांना त्यांच्या कंपन्या या कामाचा पगार देतात (लिनक्समध्ये तर बहुतेकांना), पण प्रकल्प स्वतः कुणाचा मालक नसतो. तो कुणाला नोकरी देत नाही, त्यामुळे काढूही शकत नाही.

मग अशा ठिकाणी कुणी त्रास दिला तर त्याला आवरायचं कसं? गेल्या दहा-बारा वर्षांत या समुदायांनी ठेचा खात याचं उत्तर शोधलं आहे: लेखी आचारसंहिता आणि ती राबवणारी समिती. ते अपुरं आहे, पण आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंसेवी कामाला उपयोगी पडेल असं आहे.

गप्प निघून जाणारे

सुधारणा सुचवण्याची रीत सोपी आहे. तुम्ही कोडमध्ये बदल करता आणि तो ‘पॅच’ प्रकल्पाकडे पाठवता. त्या भागाची जबाबदारी असलेला ‘मेंटेनर’ तो तपासतो, चुका काढतो, पसंत पडला तर आत घेतो. चुका काढणं हेच त्याचं काम. तिथे सौम्यपणाची सक्ती नाही, असूही नये. ‘या फंक्शनमध्ये मेमरी गळते, हा बदल घेता येणार नाही’ हे वाक्य कडक आहे, पण ते कोडबद्दल आहे. ‘असला कोड लिहिणाऱ्याने कीबोर्डला हात लावू नये’ हे माणसाबद्दल आहे. आचारसंहितेचा संबंध या दुसऱ्या वाक्याशी आहे.

असल्या वाक्याने काय होतं? 2017 मध्ये गिटहब या संकेतस्थळाने सहा हजारांच्या आसपास लोकांची पाहणी केली. दुसऱ्या कुणाशी कटू वागणं झालेलं पाहिलेले निम्मे निघाले, स्वतः अनुभव घेतलेले 18 टक्के. असं सोसलेल्या किंवा पाहिलेल्यांपैकी 21 टक्क्यांनी त्या प्रकल्पात काम करणंच थांबवलं होतं. यात पाहणारेही येतात, हे विसरू नये. वाईट बोलणं ज्याला लागतं तो एकटा जात नाही; बाजूला उभं राहून ऐकणाराही जातो, आणि तो तक्रार करून जात नाही.

लिनक्समध्ये हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स 1991 पासून त्याचे सर्वेसर्वा, आणि त्यांच्या शिवराळ ईमेल जगजाहीर. 2013 मध्ये यूएसबी 3.0 चा कोड सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी त्यांना सर्वांसमोर लिहून कळवलं की ही भाषा थांबली पाहिजे. वरवरचा सभ्यपणा आपल्याला जमणार नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. ऑक्टोबर 2015 मध्ये शार्प यांनी आपण कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम सोडल्याचं जाहीर केलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्सने एक छोटा मसुदा स्वीकारला होता. त्याचा मथितार्थ असा: तुमच्या कोडवर टीका होणारच, ती व्यक्तिगत झाली तर अमुक मंडळाला कळवा, एकमेकांशी चांगलं वागा. तीन वर्षांनी तो बदलताना कर्नलच्या मंडळींनीच लिहून ठेवलं की त्याने सभ्यता वाढण्याचा हेतू साधला नाही.

‘चांगलं वागा’ म्हणून का भागत नाही

कारण चांगलं म्हणजे काय, हे प्रत्येक जण आपापल्या मापाने ठरवतो. शिवाय वागलं नाही तर पुढे काय, हे त्यात नाही.

2014 मध्ये कोरलाइन एडा एम्की या प्रोग्रामरने ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट’ नावाचा तयार मसुदा लिहिला. आज हजारो प्रकल्प तो वापरतात, आणि 2018 पासून लिनक्सची संहिताही त्याच्याच एका आवृत्तीवर बेतलेली आहे. काय चालणार नाही, हे त्यात नाव घेऊन सांगितलं आहे: लैंगिक शेरेबाजी, व्यक्तिगत हल्ले, कुणाचा पत्ता किंवा खासगी माहिती उघड करणं, उघड किंवा खासगीत केलेला छळ. नियम कुठे लागू, तक्रार कुणाकडे, हेही आहे. पण कुठल्या चुकीला काय शिक्षा, हे सुरुवातीच्या आवृत्त्यांत नव्हतं. ती भर 2020 च्या दुसऱ्या आवृत्तीत पडली. नियम लिहिल्यापासून शिक्षेची कलमं येईपर्यंत सहा वर्षं गेली, यावरून अवघड काय आहे ते कळतं.

माझ्या मते अंमलबजावणी नसलेली संहिता ही संहिता नसण्यापेक्षा वाईट. नियमच नसेल तर नवखा सावध राहतो. नियम भिंतीवर लावलेला असेल तर तो भरवशाने तक्रार करतो, आणि मग कळतं की ती वाचणारं कुणी नाही.

एक तक्रार आत गेल्यावर

समजा, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मुलीने पहिला पॅच पाठवला. मेंटेनरने चूक दाखवली, ती बरोबर होती. पण सोबत तिच्या इंग्रजीची टर उडवली आणि ‘तुमच्या देशातून असलाच कचरा येतो’ असंही लिहिलं. तिने तो संदेश संहितेत दिलेल्या पत्त्यावर पाठवला. पुढे काय व्हावं?

जँगोने आपली पद्धत सविस्तर लिहून ठेवली आहे, ती इथे धरून चालू. आधी पोच: तक्रार मिळाल्याचं 24 तासांत कळवायचं. ही औपचारिकता वाटेल, पण तक्रार करणाऱ्याचा सर्वांत वाईट काळ हाच असतो. आपण उगाच बोललो का, कुणी वाचलं तरी का, हे प्रश्न त्याला याच वेळी छळतात. मग समितीतला कुणी या प्रकरणात गुंतलेला आहे का ते पाहायचं. असेल तर त्याला चर्चेतून वगळायचं आणि प्रकरणातली गोपनीय माहितीही द्यायची नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा प्रकार चालूच असेल, तर बैठकीची वाट न पाहता समितीतला एक सदस्यही तातडीने पाऊल उचलू शकतो. एरवी नेमकं काय घडलं, ते संहितेत बसतं का, आणि बसत असेल तर काय करायचं, यावर समितीने एकमत करायचं. आठवडाभरात निकाल द्यायचा, नाहीतर का झाला नाही ते कळवायचं.

भारतातल्या कार्यालयांतली अंतर्गत समिती अनेकांना ठाऊक आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तिला साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत आणि चौकशीला 90 दिवसांची मुदत घातली आहे. ओपन सोर्स समितीकडे असला एकही अधिकार नाही. ती कुणाला हजर राहा म्हणू शकत नाही. तिची एक जमेची बाजू मात्र मोठी आहे: इथलं बहुतेक बोलणं लेखी आणि उघड असतं. सांगलीच्या त्या मुलीला ‘तो असं म्हणाला’ हे सिद्ध करावं लागत नाही, ते तारखेसकट तिथेच असतं. त्यामुळे वाद ‘घडलं का’ यावर कमी आणि ‘हे हद्दीबाहेर आहे का’ यावर जास्त होतो. खासगी संदेशांची आणि संमेलनातल्या प्रसंगांची गोष्ट वेगळी. तिथे समितीची खरी कसोटी लागते.

चौकट: तक्रार करायची वेळ आली तर
मूळ संदेशाची लिंक आणि स्क्रीनशॉट दोन्ही जपून ठेवा. संदेश नंतर पुसले जातात. काय घडलं ते तारखेवार, विशेषणं न लावता लिहा. पूर्वीही असं घडलं असेल तर तेही जोडा. तुमचं नाव समोरच्याला कळलं तर चालेल का, हे स्पष्ट लिहा. कुणाला थेट धोका असेल तर समितीसाठी थांबू नका, पोलिसांकडे जा. समिती पोलिसांची जागा घेऊ शकत नाही.

काढून घेण्यासारखं आहे तरी काय?

ओपन सोर्सचा परवाना कोड सर्वांना वापरू देतो, बदलू देतो, वाटू देतो. बंदी घातलेला माणूसही तोच कोड उतरवून घेऊ शकतो आणि स्वतःची वेगळी आवृत्ती काढू शकतो. तो हक्क कोणतीही समिती हिरावू शकत नाही, आणि या व्यवस्थेचा तो सर्वांत न्याय्य भाग आहे असं मला वाटतं. 2017 मध्ये नोड जेएस या प्रकल्पात असाच वाद झाला. एका वरिष्ठ सदस्याला समितीतून दूर करण्याचा ठराव फेटाळला गेला, तेव्हा नाराज मंडळींनी राजीनामे दिले आणि ‘आयो’ नावाची वेगळी शाखा काढली. ती फार काळ तगली नाही, पण वाट कुणी अडवली नव्हती.

प्रकल्पाच्या हाती उरतो तो फक्त सहभाग: चर्चेत लिहिता येणं, आपला बदल मुख्य कोडमध्ये घेतला जाणं, इतरांचे बदल मंजूर करण्याचा अधिकार, संमेलनात प्रवेश. शिक्षा या चारांतूनच कापून द्यावी लागते. त्यासाठीची हत्यारं अगदी साधी आहेत. गिटहबवर संस्था एखाद्याला 1, 3, 7 किंवा 30 दिवस रोखू शकते, किंवा बेमुदत. चर्चेला कुलूप घालता येतं, शेरा झाकता येतो.

कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंटने शिक्षेच्या चार पायऱ्या केल्या. चूक छोटी असेल तर खासगीत लेखी समज द्यायची: काय चुकलं, का चुकलं, आणि गरज वाटली तर सर्वांसमोर माफी मागायला सांगायचं. त्यापुढे इशारा; त्यात काही काळ संबंधित माणसांपासून दूर राहायचं, त्यांच्याशी बोलायचं नाही. मग ठरावीक मुदतीची बंदी. आणि छळ करण्याची सवयच दिसली तर कायमची बंदी.

पायऱ्या का? एलिनोर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी सामायिक कुरणं, जंगलं आणि पाण्याचे पाट शतकानुशतकं टिकवणाऱ्या गावांचा अभ्यास केला. स्वित्झर्लंड, जपान, स्पेन, फिलिपिन्स इथली उदाहरणं त्यांच्या 1990 च्या ग्रंथात आहेत. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकून राहिलेल्या व्यवस्थांत त्यांना एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली: पहिल्या चुकीला दंड किरकोळ, मग चढता. किरकोळ दंडाने दोन कामं होतात. नियम जिवंत आहे हे सर्वांना कळतं, आणि चुकलेल्याला तोंड न लपवता परत येता येतं. एकदम मोठी शिक्षा हाताशी असली की ती द्यायला कुणी धजत नाही आणि छोट्या चुका साठत जातात. मंडळाच्या अध्यक्षांची अडचण हीच आहे. त्यांच्याकडे ‘चालवून घेणं’ आणि ‘हाकलणं’ या दोनच गोष्टी आहेत, मधली एकही पायरी नाही.

ज्याच्यावाचून पान हलत नाही

16 सप्टेंबर 2018 रोजी लिनक्सच्या नव्या चाचणी आवृत्तीची घोषणा करताना टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याची माफी मागितली. आपण लोकांवर केलेले हल्ले समर्थनीय नव्हते हे मान्य करून, भावना समजून घेण्यासाठी मदत घ्यायला काही काळ ते बाजूला झाले. त्याच दिवसांत नवी संहिता आली. ती आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पूर्ण केली, ऑक्टोबरमध्ये टोरवाल्ड्स परतले. मध्यस्थ म्हणून वकील मिशी चौधरी यांचं नाव संहितेच्या दस्तऐवजात आलं. भारतात डिजिटल हक्कांचं काम करणारी एसएफएलसी डॉट इन ही संस्था त्यांनीच स्थापन केली. जुनेजाणते आपला कोड मागे घेतील, लिनक्स कोसळेल, असं भाकीत तेव्हा अनेकांनी केलं होतं. तसं काही झालं नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येतच राहिली.

ही झाली स्वतःहून मागितलेली माफी. मागितली नाही तर काय, याचा प्रसंग 2024 मध्ये आला. बीकॅशएफएस ही फाइल साठवण्याची पद्धत घडवणारे केंट ओव्हरस्ट्रीट यांनी मेमरीच्या एका तांत्रिक वादात दुसऱ्या ज्येष्ठ डेव्हलपरला डोकं तपासून घ्यायला सांगितलं, पुढे शिवीही दिली. समितीला हवी होती तशी जाहीर माफी आली नाही. तेव्हा प्रकरण लिनक्सच्या तांत्रिक सल्लागार मंडळापुढे गेलं. असा निर्णय व्हायला तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की 6.13 या आवृत्तीच्या काळात त्यांचे बदल घेतले जाणार नाहीत.

याचा भुर्दंड ज्यांना बसतो ते वादात कुठेच नसतात. त्या आवृत्तीसाठी तयार असलेल्या सुधारणा थांबल्या, म्हणजे ती पद्धत वापरणाऱ्यांचं वाट पाहणं वाढलं. नाठाळ पण हुशार माणसाला हात लावायला प्रकल्प कचरतात ते यामुळे. तरीही लिनक्सने केलं ते योग्यच होतं असं मी मानतो. मुदत एका आवृत्तीपुरती होती, परतीची वाट खुली होती, आणि सर्वांत मोठी गोष्ट, कामाचं मोल हा गुन्ह्यातून सुटण्याचा परवाना नाही हे बाकीच्या दोनेक हजार डेव्हलपरना दिसलं.

सांगायचं किती, झाकायचं किती

2024 च्याच ऑगस्टमध्ये पायथनच्या सुकाणू मंडळाने एका ज्येष्ठ डेव्हलपरला तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. घोषणेत नाव नव्हतं, पण कारणांची यादी होती. थोड्याच वेळात टिम पीटर्स यांनी तो माणूस आपणच असल्याचं सांगितलं. यादीला क्रमाने लावणारं ‘टिमसॉर्ट’ हे तंत्र त्यांचं आहे. ते पायथनमध्येच नाही तर जावा आणि अँड्रॉइडमध्येही वापरलं जातं. पायथनचे ते जवळपास आरंभापासूनचे साथी.

मग वाद पेटला. यादीतला एक मुद्दा असा होता की संस्थेच्या पोटनियमांवरच्या एका चर्चेत 177 पैकी 47 संदेश एकट्या त्यांचे होते. हा छळ म्हणायचा की उत्साह? अशा लिखाणाने इतर थकून गप्प होतात, असं एक बाजू म्हणत होती. त्यासाठी तीन महिने जास्त आहेत, असं दुसरी बाजू म्हणत होती. मुद्दे सांगितले होते, पण प्रत्येकामागचे मूळ संदेश जोडलेले नव्हते, त्यामुळे वाचणाऱ्याला स्वतः पारख करता येईना.

समित्यांचं तोंड बांधलेलं असतं ते तक्रारदारासाठी. त्याचं नाव फुटलं तर पुढचा कुणी येणार नाही. पण अगदीच गप्प बसलं तर लोक तर्क लढवतात, आणि तर्क नेहमी समितीच्या विरोधात जातात. मला वाटतं, वागणं कोणतं, नियम कोणता, शिक्षा किती आणि परत यायची अट काय, एवढं उघड असावं. तक्रारदाराकडे बोट जाईल असं काहीही नसावं. जिथे हेही शक्य नसतं तिथे आकड्यांचा अहवाल कामी येतो. पोस्टग्रेस, पायथन आणि लिनक्सच्या समित्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं, याचा गोषवारा नावं न देता प्रसिद्ध करतात. निदान पेटी उघडली जाते, एवढं त्यातून दिसतं.

तपासणाऱ्यांना तपासणार कोण

22 नोव्हेंबर 2021 रोजी रस्ट या भाषेच्या, संहिता राबवणाऱ्या नियंत्रण समितीने एकत्र राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रकल्पाच्या सर्वोच्च गटाने स्वतःला कुणालाही उत्तरदायी ठेवलेलं नाही, त्यामुळे संहिता इतरांना लागू होते पण त्या गटाला लावता येत नाही. मूळ प्रकरण काय होतं ते त्यांनी उघड केलं नाही, पण भेग कुठे आहे ते सगळ्यांना दिसलं.

दुरुस्तीला दीड वर्ष लागलं. 2023 मध्ये तो गट जाऊन निरनिराळ्या तुकड्यांच्या प्रतिनिधींची परिषद आली आणि परिषदेचे सदस्यही संहितेच्या कक्षेत आले. नियंत्रण समितीवरच शंका आली तर? त्यासाठी परिषदेत आणि समितीत नसलेल्या राखीव नियंत्रकांची यादी आधीच, दोन्ही बाजूंच्या संमतीने करून ठेवायची ठरली. भांडण लागल्यावर पंच शोधायला निघालं की प्रत्येक नाव कुणाच्या तरी बाजूचं वाटतं.

तुमच्या घरातली मुलं आज ना उद्या अशा एखाद्या प्रकल्पात पहिला पॅच पाठवतील. कदाचित तुम्ही स्वतःही पाठवाल. त्याआधी त्या प्रकल्पाची आचारसंहिता उघडा आणि दोन गोष्टी शोधा. तक्रार वाचणाऱ्या माणसांची नावं दिलेली आहेत का, आणि तक्रार त्यांच्यापैकीच कुणाविरुद्ध असेल तर ती कुणाकडे जायची हे लिहिलं आहे का. दोन्ही सापडलं तर खुशाल कामाला लागा. सापडलं नाही तर प्रकल्पाला तसं लिहून विचारा. तेही एक योगदानच आहे.